उणे पन्नास अंशांतली गाडी

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ऐकताना खरं वाटत नाही, पण हिशेब सरळ आहे. पेट्रोलच्या रेणूंत कार्बन असतो तसा हायड्रोजनही असतो. जळताना त्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो आणि पाण्याची वाफ होऊन ती सायलेन्सरमधून बाहेर पडते. ऑक्सिजनचं वजन हवेतून फुकट मिळतं, म्हणून पाऊण किलो पेट्रोलमधून किलोभर पाणी निघतं. पुण्यात किंवा नागपुरात ही वाफ हवेत विरून जाते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात मात्र ती डोळ्यांसमोर उभी राहते. तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास असतं. उणे ४० च्या खाली गेलेल्या हवेत वाफेला जागाच उरत नाही. गाडीतून निघाल्याबरोबर तिचे बर्फाचे बारीक कण होतात आणि ते खाली न बसता तरंगत राहतात. गाड्या, घरांची धुराडी, माणसांचे श्वास या सगळ्यांचं मिळून शहरावर पांढरं, घट्ट धुकं बसतं. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसले न दिसले तोच नाहीसे होतात.

या धुक्यातून रोज कामाला जाणाऱ्या, किंवा शहरापासून शेकडो किलोमीटरवरच्या गावात राहून महिन्यातून एकदा पीठ, औषधं आणि सुटे भाग न्यायला येणाऱ्या माणसाने गाडी निवडताना काय पाहिलं असेल? आपल्याकडे शोरूममधला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज किती देते? तिथला पहिला प्रश्न वेगळा आहे : वाटेत थांबली तर? त्या एका प्रश्नाने गाडीकडे बघायची नजर किती बदलते, हे समजून घेताना मी थक्क होत गेलो. कारण उणे ५० मध्ये इंजिन, ऑइल, रबर, लोखंड आणि काच ही सगळी ओळखीची मंडळी अनोळखी होतात.

आधी जागा समजून घेऊ. रशियातल्या या भागाचं नाव साखा प्रजासत्ताक, दुसरं नाव याकुतिया. क्षेत्रफळ सुमारे ३१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दहापट. लोकसंख्या फक्त १० लाखांच्या आसपास, आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं एकट्या याकुत्स्कमध्ये. उरलेली नद्यांच्या काठांनी विखुरलेल्या गावांत. समुद्र दूर, वारा जवळजवळ नाही, हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला चिकटून तिरपा. थंड हवा जड असते, ती डोंगरांमधल्या खोलगट दऱ्यांत उतरते आणि तिथेच साचून राहते. ओइम्याकोन हे अशाच एका दरीतलं गाव. ६ फेब्रुवारी १९३३ रोजी तिथे उणे ६७.७ अंश तापमानाची नोंद झाली. वर्खोयान्स्क या दुसऱ्या गावात १८९२ च्या फेब्रुवारीत जवळपास तेवढीच नोंद झाली होती. उत्तर गोलार्धात माणसं कायमची राहतात अशा गावांत याहून थंड ठिकाण नाही. आणि या गावांत शाळा आहेत, दुकानं आहेत, दवाखाने आहेत, लग्नं होतात. म्हणजे गाड्याही हव्यातच.

आता गाडीच्या पोटात शिरू. सुरुवात कूलंटपासून, कारण त्यात एक खरं नवल दडलं आहे. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी ठेवलं तर ते शून्य अंशाला गोठतं, गोठताना फुगतं आणि इंजिनाचं बीड फोडतं. म्हणून त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात. मग नुसतं ग्लायकॉलच का भरू नये? कारण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं! एकटं पाणी शून्याला गोठतं, एकटं ग्लायकॉल उणे १३ ला, पण दोघांना निम्मं निम्मं मिसळलं की ते मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. ग्लायकॉलचं प्रमाण थोडं आणखी वाढवलं तर उणे ५० च्याही पलीकडे जातं, आणि त्याहून वाढवलं की पुन्हा उलट्या दिशेने, लवकर गोठायला लागतं. पाण्याच्या रेणूंना बर्फ व्हायचं तर ठरावीक जाळी विणावी लागते. ग्लायकॉलचे रेणू त्या जाळीत मध्येच घुसतात आणि विणकाम मोडतात. पाण्याचे रेणू ग्लायकॉलच्या बाबतीत तेच करतात. दोघंही एकमेकांना गोठू देत नाहीत. याकुतियातला गाडीवाला हे पुस्तकातून शिकलेला असो वा नसो, बाटलीत किती पाणी घालायचं हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

कूलंट टिकलं तरी ऑइल उरतंच. आपल्या बाइकच्या आणि जुन्या गाड्यांच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. शून्य आकड्याच्या ऑइलची कसोटी उणे ३५ ला इंजिन फिरतं का आणि उणे ४० ला पंप ते उचलू शकतो का, अशी घेतली जाते. बाजारात मिळणाऱ्या ऑइलच्या दर्जाची ही शेवटची पायरी आहे. ओइम्याकोनचा नेहमीचा जानेवारी या पायरीच्या खाली असतो. तिथे रात्रभर उघड्यावर बंद राहिलेल्या इंजिनातलं ऑइल थिजलेल्या काकवीसारखं झालेलं असतं, गिअरबॉक्समधलं त्याहून घट्ट. न्यूट्रलमध्ये टाकलेली गाडीही ढकलून हलत नाही. आपल्याकडचा हुकमी उपाय, म्हणजे चार जणांनी धक्का मारून गाडी सुरू करणं, तिथे चालतच नाही.

बॅटरीची गोष्ट आणखी नाजूक. आत चालणारी रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, त्यामुळे इंजिन फिरवायला सर्वांत जास्त जोर लागतो तेव्हाच बॅटरीत सर्वांत कमी जोर असतो. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ६० पर्यंत गोठत नाही. पण तीच बॅटरी उतरलेली असेल तर आत ॲसिडऐवजी बहुतेक पाणीच उरतं, ते शून्याच्या थोडं खाली गेल्यावर गोठतं आणि डबा फुटतो. म्हणून गावाकडची माणसं रात्री बॅटरी काढून घरात, चुलीपासून थोड्या अंतरावर ठेवतात.

आणि पेट्रोल? पेट्रोल उणे ५० ला गोठत नाही, वाहतं. पण इंजिनात द्रवरूप पेट्रोल जळत नसतं, जळते ती त्याची वाफ. सर्वसाधारण पेट्रोल उणे ४३ अंशांच्या खाली पेट घेण्याइतकी वाफ सोडेनासं होतं. म्हणजे ठिणगी पडते, पेट्रोल असतं, हवा असते, आणि तरी काही घडत नाही. हिवाळ्यासाठी बनवलेल्या पेट्रोलमध्ये लवकर उडणारे घटक जास्त ठेवतात, त्याने थोडा आधार मिळतो. डिझेलचं दुखणं निराळं. त्यात मेणासारखे लांब रेणू असतात. थंडीत आधी ते डिझेलला गढूळ करतात, मग त्यांचे स्फटिक होऊन फिल्टर बुजतो. मोठ्या ट्रकांना डिझेलशिवाय गत्यंतर नाही, म्हणून ते खास ध्रुवीय प्रदेशासाठी शुद्ध केलेलं डिझेल भरतात आणि इंजिन सहसा बंद करत नाहीत. घरच्या गाडीसाठी मात्र याकुतियात पेट्रोललाच पहिली पसंती आहे, आणि ती रास्त आहे.

या सगळ्याचा अर्थ एकच निघतो. तिथे गाडी सुरू करणं हे काम नसतं, ती गार होऊ न देणं हे काम असतं. त्यासाठी लोकांनी काय काय शोधून काढलंय! ज्याला परवडतं तो गरम गॅरेज बांधतो, खेड्यात ते लाकडाच्या भट्टीने तापवतात. ज्याच्याकडे गॅरेज नाही तो इंजिनाचं तापमान ठरावीक आकड्याखाली गेलं की आपोआप गाडी सुरू करणारं यंत्र बसवतो. मालक घरात झोपलेला असतो आणि अंगणातली गाडी रात्रीतून अनेकदा जागी होऊन, स्वतःला तापवून पुन्हा बंद होते. तिच्यावर पूर्ण गाडी झाकणारी जाड, अस्तर लावलेली गोधडी घालतात. याकुत्स्कमध्ये या गोधडीला लाडाने ‘नताशा’ म्हणतात. वेबास्तोसारखे छोटे हीटर टाकीतलंच पेट्रोल जाळून, इंजिन बंद असतानाही कूलंट तापवत ठेवतात. आणि यातलं काहीच नसेल तर ब्लोटॉर्च घेऊन माणूस गाडीखाली शिरतो आणि ऑइलच्या भांड्याच्या तळाला ज्योत लावून ते पातळ करतो. पेट्रोलच्या गाडीखाली उघडी ज्योत! आपल्या अंगावर काटा येतो, पण तिथे कित्येक पिढ्या हे काम हाताच्या अंदाजाने करत आल्या आहेत.

खिडक्यांना दोन काचा असतात. मूळ काचेला आतून दुसरी काच चिकटवलेली असते आणि मध्ये हवेचा पातळ थर ठेवलेला असतो. हे केलं नाही तर प्रवाशांच्या श्वासाचा काचेवर बर्फ जमतो आणि बाजूचं काही दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही किरकोळ सोय वाटेल. पण याकुत्स्कमध्ये एखादी गाडी कुठली हे ओळखायचं असेल, तर काचांकडे बघितलं तरी पुरतं.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पेट्रोलच्या इंजिनाची आपण नेहमी निंदा करतो की इंधनातल्या ऊर्जेचा थोडाच हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन वाया जाते. ती वाया गेलेली उष्णता याकुतियातल्या माणसाला जिवंत ठेवते. आठ तासांच्या प्रवासात मुलांचे पाय गरम राहतात ते त्या नासाडीमुळे. इतक्या थंडीत रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा किंवा नमदा लावून गार हवा अडवतात, कारण इंजिनाला थंड करायची गरजच उरत नाही. जे यंत्र पुण्यात तापू नये म्हणून आपण झटतो, तेच तिथे तापलेलं राहावं म्हणून सगळा आटापिटा चालतो.

मग गाडी कोणती घ्यायची? खेड्यातल्या माणसाच्या पसंतीला उतरलेलं एक जुनं नाव आहे : उआझ कंपनीची बुखान्का. बुखान्का म्हणजे पावाची लादी, आणि ही व्हॅन दिसतेही तशीच, गोलसर कडांची, सरळ उभी. व्होल्गा नदीकाठच्या उल्यानोव्स्क शहरात ती १९६५ पासून बनते आणि तिचा सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. खाली जाड चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, कमानपाटे, चारही चाकांना जोर. पण तिची खरी करामत इंजिनाच्या जागेत आहे. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, केबिनच्या आत, एका झाकणाखाली असतं. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. इंजिनाची ऊब थेट माणसांना मिळते. आणि उणे ५० मध्ये रस्त्याच्या मधोमध काही बिघडलं तर ड्रायव्हरला बाहेर उभं राहून बॉनेट उघडावं लागत नाही. तो आत बसून, झाकण उचलून, पाने हातात घेऊन काम करू शकतो. त्या तापमानात उघड्या बोटांनी लोखंडी पाना धरला तर कातडी त्याला चिकटते आणि बोटं काही मिनिटांत बधिर होतात. अशा जागी इंजिन केबिनमध्ये असणं ही चैन नव्हे, जीव वाचवणारी सोय आहे.

बुखान्काचे दोष मालकांना तोंडपाठ असतात. आवाज प्रचंड, पेट्रोल भरपूर पिते, फटींतून वारा येतो, अपघातात आतल्या माणसांना फारसं संरक्षण नाही. म्हणून मालक तिला आतून नमदा आणि फोमचं अस्तर लावतात, जादा हीटर बसवतात, मागे बाकं आणि छोटं टेबल ठेवतात. गाडी घेतली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पण हे काम कुणालाही करता येतं, आणि तिथल्या मालकाला त्याचीच किंमत आहे.

तिच्या समोर दुसरी पसंती उभी आहे, आणि ती आपल्याला ओळखीची वाटेल. रशियात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे हवं. पण रशियाच्या पूर्व भागात, याकुत्स्कसकट, रस्त्यांवर उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या जागोजागी दिसतात, अगदी आपल्यासारख्या. त्या जपानमधून व्लादिवोस्तोक बंदरात उतरलेल्या वापरलेल्या टोयोटा आणि निसान. ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, तरी लोकांनी पिढीभर त्या चालवल्या, कारण त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो. म्हणजे प्रश्न असा उभा राहतो : क्वचितच बिघडणारी गाडी घ्यायची, की बिघडली तर जागेवर दुरुस्त होणारी? माझं मत स्पष्ट आहे. शहरात राहणाऱ्याने पहिली घ्यावी, रस्ता जिथे संपतो त्याच्या पलीकडच्या गावात राहणाऱ्याने दुसरी. कारण ‘क्वचित’ या शब्दाचा अर्थ मेकॅनिक किती किलोमीटरवर आहे त्यावर ठरतो.

गाडीच्या खालच्या अंगाला थंडी काय करते तेही पाहू. रात्रभर उभ्या गाडीच्या टायरचा जमिनीवर टेकलेला भाग सपाट होतो आणि सकाळी तो तसाच राहतो. पहिले काही किलोमीटर गाडी चौकोनी चाकांवर चालल्यासारखी धडधडत जाते. रबराचे लांब रेणू एका ठरावीक तापमानाखाली हलेनासे होतात आणि रबर काचेसारखं कडक होतं. ते तापमान नैसर्गिक रबराचं उणे ७० च्या आसपास, काही कृत्रिम रबरांचं त्याहून बरंच वर. म्हणून थंड प्रदेशातल्या टायरांचं मिश्रणच वेगळं असतं. बर्फ मात्र त्या थंडीत उलट कमी निसरडा होतो. बर्फ सर्वांत घसरडा असतो तो उणे ७ अंशांच्या सुमारास, असं २०१८ मधल्या एका अभ्यासाने दाखवलं. बर्फाच्या पृष्ठावरचे रेणू तेव्हा सैल असतात आणि सहज गडगडतात. खूप थंडीत तेही घट्ट बसतात आणि टायरला पकड मिळते. तेव्हा मॉस्कोतल्या मार्चपेक्षा याकुत्स्कचा जानेवारी घसरण्याच्या बाबतीत बरा!

लोखंडाचं काय होतं हे जगाने एका वेगळ्या ठिकाणी पाहिलं. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोदीत शांत पाण्यात उभं असलेलं ‘स्केनेक्टाडी’ हे नवं कोरं तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन जवळजवळ दोन तुकड्यांत फाटलं. तापमान शून्याच्या जरासं खाली होतं. साध्या पोलादाचा लवचिकपणा थंडीत अचानक संपतो आणि ते वाकण्याऐवजी तडकतं, ही गोष्ट त्या काळात फाटलेल्या जहाजांनी इंजिनिअरांना शिकवली. याकुतियात जाणाऱ्या ट्रकांचे आणि यंत्रांचे भाग म्हणून वेगळ्या पोलादाचे करतात, उणे ६० साठी तपासलेल्या. साध्या गाडीच्या मालकाला ते मिळत नाही. मग तो हळू चालवतो, खड्ड्यात आदळू देत नाही, आणि कमानपाट्याचं एक जादा पान सोबत ठेवतो.

चाकांची गाडी जिथे जातच नाही तिथली निवड आणखी वेगळी. शिकारी आणि मच्छीमार ‘बुरान’ नावाची स्नोमोबाइल घेतात. रिबिन्स्क शहरात ती १९७१ पासून बनते. मागे दोन रुंद पट्टे, पुढे एकच स्की, इंजिन हवेने गार होणारं. म्हणजे रेडिएटर नाही, कूलंट नाही, गोठायला काही नाही. दोरी ओढून सुरू होते, म्हणजे बॅटरीही लागत नाही. जितकं कमी, तितकं टिकाऊ, असा तिचा सगळा विचार. मऊ बर्फावर आणि दलदलीवर चालायला ‘ट्रेकोल’सारख्या सहाचाकी गाड्या आहेत. त्यांची टायरं फुग्यासारखी मोठी आणि इतक्या कमी हवेची असतात की गाडी बर्फात रुतत नाही आणि पाण्यात चक्क तरंगते.

आणि मग घोडा. याकुती घोडा हा बुटका, जाड केसांचा प्राणी हिवाळाभर उघड्यावर राहतो, उणे ५० मध्ये खुरांनी बर्फ उकरून खालचं गवत खातो. त्याला तबेला लागत नाही, साठवलेला चाराही फारसा लागत नाही. याकुती लोक तेराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडून इथे आले तेव्हा घोडे बरोबर आणले. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी या घोड्यांचे जनुक तपासले तेव्हा दिसलं की आजचे घोडे त्या आणलेल्या घोड्यांचेच वंशज आहेत, आणि अवघ्या आठशे वर्षांत त्यांच्या केसांत, चरबीत, हाडांच्या आकारात, रक्तवाहिन्या आवळून ऊब राखण्याच्या क्षमतेत इतका बदल झाला आहे. निसर्गाच्या हिशेबात हे डोळ्याचं पातं लवण्याइतक्या वेळात झालेलं काम. बुखान्का सुरू होत नाही अशा सकाळी हाच घोडा लाकडं ओढतो.

रस्त्यांचा विचार केल्याशिवाय गाडीचा विचार पुरा होत नाही. याकुतियाच्या उत्तरेकडच्या गावांना उन्हाळ्यात रस्ता नसतो. जमीन वरून वितळते आणि खालची कायम गोठलेली, म्हणून पाणी मुरत नाही, सगळं चिखल. हिवाळ्यात नद्या गोठल्या की त्याच रस्ता होतात. याकुत्स्कजवळ लेना नदीवर अजून पूल नाही, पुलाचं काम अलीकडेच सुरू झालं आहे. रेल्वे पलीकडच्या काठावर संपते. उन्हाळ्यात फेरी बोट, हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता, आणि मधल्या काही आठवड्यांत ना बोट ना बर्फ. तेव्हा हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या होव्हरक्राफ्ट चालतात.

बर्फ किती वजन पेलतो? कॅनडाच्या लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये दिलेलं सूत्र साधं आहे. जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, चारने गुणा, तेवढे किलो. ३० सेंटिमीटर चांगला, निळसर बर्फ ३,६०० किलो पेलतो, ६० सेंटिमीटर बर्फ १४,४०० किलो. जाडी दुप्पट, ताकद चौपट. पण वेगाचंही पाहावं लागतं. चालत्या गाडीखाली बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला तर लाट वाढत जाते आणि बर्फ फोडते. १९४१-४२ च्या हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडला धान्य पोहोचवायला लादोगा सरोवरावर जो बर्फाचा रस्ता चालला, तिथे नाउम रेइनोव या भौतिकशास्त्रज्ञाने बर्फाचं वाकणं मोजणारं उपकरण बनवलं आणि ताशी ३५ किलोमीटरच्या आसपासचा वेग धोक्याचा आहे हे शोधून काढलं. आजही नदीवरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा असते, आणि सीटबेल्ट काढून ठेवायचा असतो, कारण बुडताना बेल्ट उघडत बसायला वेळ नसतो. सीटबेल्ट न लावणं हा सुरक्षेचा नियम असलेली दुसरी जागा मला आठवत नाही.

या सगळ्या काळजीचं मोल २०२० च्या डिसेंबरमध्ये एका दुर्घटनेने पुन्हा दाखवून दिलं. याकुत्स्कहून मगदानकडे सुमारे दोन हजार किलोमीटरचा कोलिमा महामार्ग जातो. स्टालिनच्या काळात कैद्यांकडून तो बांधून घेतला, आणि त्या कामात इतके कैदी मेले की त्याला हाडांचा रस्ता म्हणतात. त्या वाटेवर निघालेल्या दोन तरुणांना फोनवरच्या नकाशाने जुना, वापरात नसलेला, पण जवळचा रस्ता दाखवला. एका झाडाच्या फांदीने त्यांच्या टोयोटाचा रेडिएटर फुटला. बाहेर उणे ५०. मदत पोहोचेपर्यंत एक जण गेला होता. गाडीत दोष नव्हता. रस्ता असा होता की तिथून दुसरं कुणी जाणारच नव्हतं. त्या भागातले जुने ड्रायव्हर म्हणूनच दोन गाड्या मिळून निघतात, थांबलेली गाडी दिसली की विचारपूस केल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि सोबत नमद्याचे बूट, कुऱ्हाड, काड्यापेट्या आणि जेवण ठेवतात. गाडी निवडण्याइतकीच ही निवडही महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते जास्तच.

विजेवरच्या गाड्यांबद्दल विचारलं जातंच. थंडीत त्या चालतच नाहीत हा समज चुकीचा आहे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या दहा गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या, आणि नॉर्वेत हिवाळा असतो. पण लिथियम बॅटरी शून्याच्या खाली नीट चार्ज होत नाही, ती आधी तापवावी लागते, आणि केबिन तापवायची ऊबही बॅटरीतूनच घ्यावी लागते, कारण इथे वाया जाणारी उष्णता फारशी नसते. घरापाशी प्लग असेल आणि पुढचा प्लग शंभर किलोमीटरवर असेल तर हे सगळं निभतं. पुढचा प्लग पाचशे किलोमीटरवर आणि मध्ये एकही घर नसेल तर आज तरी निभणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण पुण्या-मुंबईहून स्वतःची डिझेल गाडी घेऊन लडाखला जातात. हिवाळ्यात द्रास आणि लेहच्या परिसरात पारा उणे २० च्याही खाली जातो. तिथे याकुतियाचंच गणित लहान प्रमाणात लागू होतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ पासून लडाखसाठी हिवाळी डिझेल द्यायला सुरुवात केली. पानिपतच्या रिफायनरीत बनणारं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. पण टाकीत मैदानातलं साधं डिझेल निम्मं उरलं असेल, तर वरून ओतलेलं हिवाळी डिझेल त्यातलं मेण नाहीसं करू शकत नाही. म्हणून ती टाकी शक्य तितकी रिकामी करत वर जावं, हिवाळी डिझेल मिळेल त्या पहिल्या पंपावर ती पूर्ण भरावी आणि रात्रीच्या मुक्कामाआधी थोडी गाडी चालवावी, म्हणजे नवं डिझेल फिल्टरपर्यंत आणि पाइपांत पोहोचतं. कूलंटचं प्रमाण निघण्यापूर्वी तपासून घ्यावं, कारण उन्हाळ्यात नुसतं पाणी ओतून वेळ मारून नेलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ असतात. आणि बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर ती महाराष्ट्रातच बदलून घ्यावी.